जाणत्यांसाठी, जाण्ट्यांसाठी

पालकांसाठी प्रश्नावली. कृपया शुक्रवारपर्यंत भरून द्यावी. विषय : दर रविवारी सकाळी अकरा वाजता केबलवर लागणारा ‘जाणत्यांच्या गप्पा’ हा विज्ञानविषयक कार्यक्रम नववी-दहावीच्या मुलांनी पाहावा की पाहू नये.

प्रश्न १. आपला पाल्य हा कार्यक्रम पाहतो का? होय / नाही.

पाहते. पाहत होती.

कमलाक्षीने पेन्सिल आधी ‘होय’वर टेकवली, मग ‘नाही’वर. मग कागद शिवणयंत्राच्या फळीखाली सरकवला आणि अर्धवट राहिलेल्या पोलक्याला बाही लावायला घेतली. गेले तीन रविवार टीव्ही बंद होता. बंद ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वाजले की भाग्यलक्ष्मी, तिची दहावीतली एकुलती मुलगी, उठून विहिरीवर जायची आणि बालदी भरली तरी तिथेच बसून राहायची.

प्रश्न २. हा कार्यक्रम प्रौढांसाठी आहे याची आपणांस कल्पना होती का?

होती आणि नव्हती.

कमलाक्षी पेडण्याची. तिच्या माहेरी म्हाताऱ्याला जाण्टो म्हणतात, म्हातारीला जाण्टी. लग्न होऊन ती डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात आली, इथेही तेच. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक बाई सांगायची, ‘हा कार्यक्रम जाणत्या प्रेक्षकांसाठी आहे.’ कमलाक्षी तेव्हा आत चुलीपाशी असायची. तिला ऐकू यायचं, जाण्ट्या प्रेक्षकांसाठी. म्हणजे ढोपरं, साखर, मोतीबिंदू. पोरीने ते बघितलं तर बिघडतं काय?

एकदा शेजारची सुमन नारळ मागायला आली तेव्हा भाग्या पडद्यासमोर वही उघडून बसली होती.

“काय बघता गो तुझा चेडू?”

“जाण्ट्यांचा कायतरी. ढोपरां दुखतत ता.”

“मगे माका बसूक होया थंय. तेची ढोपरां खंय दुखतत?”

“शाळेत सरांनी सांगलेला आसा. सायन्साक बरा म्हणान.”

“पंधरा वर्सांचा चेडू आणि जाण्ट्यांचो कार्यक्रम. न्हवरो पण जाण्टोच बघ तेका.”

“जाणत्या गो, मावशी,” भाग्या वहीतून मान वर न काढता म्हणाली. “जाण्ट्या न्हय.”

तिघी हसल्या, आणि त्या हसण्यात तो शब्द वाहून गेला.

प्रश्न ३. कार्यक्रमातील कोणता भाग आपणांस आक्षेपार्ह वाटला?

सूत्रधार : म्हणजे आईचा रक्तगट आणि बापाचा रक्तगट कळला की मुलाचा सांगता येतो?

डॉक्टर : कुठला असू शकतो ते सांगता येतं. आणि कुठला असू शकत नाही, ते जास्त पक्कं सांगता येतं.

सूत्रधार : उदाहरणार्थ?

डॉक्टर : उदाहरणार्थ, एबी गटाच्या बापाला ओ गटाचं मूल होत नाही.

सूत्रधार : आणि झालंच तर?

डॉक्टर : तर डॉक्टरने आधी चहा मागवावा.

सूत्रधार : आणि मग?

डॉक्टर : चहा पिऊन गुपचूप निघून जावं.

दोघे हसले. स्टुडिओत समोर बसलेली माणसंही हसली. जाहिराती लागल्या. त्याच वेळी रस्त्यावरून मासेवालीची हाक आली आणि कमलाक्षीने भाग्याला पिटाळलं, बांगडे ताजे असले तरच घे म्हणून. ती परत आली तेव्हा शेवटचं संगीत चालू होतं. जाहिरातींनंतर डॉक्टर काय बोलले ते त्या घरात कुणालाच कळलं नाही.

भाग्याच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं :

बाबा : एबी (खाणीचं कार्ड).
मी : ओ (शाळेतली तपासणी).

खाली पट्टीने मारलेली रेघ. रेघेखाली काही नाही.

सोमवारी तिने वर्गात हात वर केला. विज्ञानाचे गुरुदास सर फळ्यावर आकृती काढत होते.

“सर, एबी गटाच्या वडिलांना ओ गटाचं मूल होतं का?”

“नाही होत,” सर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

“मग मी कशी झाले?”

तिला खरंच वाटलं होतं की सरांकडे उत्तर असेल. ग्रहणाच्या धड्यात होतं तसं, भरतीच्या धड्यात होतं तसं. सर वळले. खडू हातातच राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात म्हटलं, “ओ.”

हाक मारायची तरी ओ, हाकेला उत्तर द्यायचं तरी ओ. त्यामुळे पोरांना पकडता येईना. बसथांब्यावर, नळापाशी, शाळेच्या पायऱ्यांवर भाग्याला बघितलं की पोरं ‘ओ’ म्हणायची. कुणी मोठ्याने दटावलं तर, आम्ही शंभूला बोलावलं, म्हणायची. आणि शंभू नावाचा मुलगा दर खेपेला ‘ओ’ करत पुढे यायचा, अगदी गंभीर चेहरा करून.

एका पालकाने तक्रार केली, की असल्या कार्यक्रमांनी मुलांच्या डोक्यात घाण भरते आणि सर ते बघायला सांगतात. मुख्याध्यापिकांनी प्रश्नावली काढली.

प्रश्न ४. कार्यक्रम पाहिल्यानंतर पाल्याच्या वागण्यात काही बदल जाणवला का? (दोन ओळींत लिहावे.)

ती बापाचा डबा भरत नाही.
ती बापाला हाक मारत नाही.

दोन ओळी मनातच संपल्या.

बाप खाणीत पंपावर होता. खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा पंप. घरी यायचा तो भुवयांपासून टाचांपर्यंत तांबडा होऊन. पूर्वी भाग्या दारातच पाण्याची बालदी ठेवायची आणि ‘आयलो तांबडो बाबा’ म्हणून चिडवायची. आता तो आला की ती मागच्या दाराने पडवीत जायची. त्याला वाटलं, पोर मोठी झाली, धुळीची लाज वाटत असेल. तो दोनदा साबण लावू लागला. टाचा दगडाने घासू लागला. एकदा आंघोळीनंतर पाय पुढे करून म्हणाला, “बघ गो भाग्या, आज पाणी कसा पांढराशुभ्र गेला.”

तिने ताट उचललं आणि पडवीत जाऊन जेवली.

“लाज वाटता तेका माझी,” तो कमलाक्षीला म्हणाला. “वाटांदी. त्या वयात माका पण माझ्या बापाशीची वाटायची.”

कमलाक्षीने त्याच्या पानात भात वाढला. तिला खरं कारण ठाऊक होतं. भाग्याने तिला आधीच विचारलं होतं, भर दुपारी, यंत्राच्या चाकावर हात ठेवून ते थांबवून.

“आई, खरा सांग. माझो बापूस कोण?”

“खुळा की काय तू?”

मग वहीचं पान. दोन ओळी आणि रेघ.

“कार्डाची चूक आसात,” कमलाक्षी म्हणाली.

“खाणीच्या डॉक्टरान तपासलेला आसा. खाली सही आसा तेची.”

“मगे तुझी चूक आसात.”

“शाळेत दोनदा तपासलेला माझा.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती आईकडे बघत होती. गणिताच्या पेपरात न सुटणाऱ्या उदाहरणाकडे बघावं, तशी. आपल्याला राग येत नाही याचंच कमलाक्षीला भय वाटलं. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. ते वाक्य तिच्या मालकीचं नव्हतं.

पालकाचे संपूर्ण नाव :

(प्रश्न ५ आणि ६ रिकामे राहिले.)

इथे लिहायचं भिकाजी राऊळ. वीस वर्षं प्रत्येक कागदावर तेच. रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, खाणीचं कार्ड. कमलाक्षी नवऱ्याचं नाव घेत नसे, कुठलीच बाई घेत नाही. त्याच्या गावी, सावंतवाडीकडे, सगळे त्याला बाबलो म्हणत. म्हणून खरं नाव कुठेच उच्चारावं लागत नसे.

खरं नाव सखाराम.

भिकाजी हा थोरला. खाणीत पंपावर आधी तो होता. रजेवर गावी आला, तापाने फणफणला आणि आठव्या दिवशी गेला. घरात दुसरं कमावतं माणूस नव्हतं. खाणीत कुणाला कळवलं नाही. भावकीतला एकजण बोलला, चेहरा सारखोच आसा, जा कार्ड घेऊन. रजा संपली त्या दिवशी सखाराम भावाचं कार्ड गळ्यात घालून पंपावर उभा राहिला. नंतर कार्डं बदलली, फोटो बदलले. रक्तगट मात्र जुन्या कार्डावरून नव्या कार्डावर तसाच उतरत गेला. वीस वर्षांपूर्वी जाळलेल्या माणसाचं रक्त.

लग्नानंतर चौथ्या दिवशी त्याने हे कमलाक्षीला सांगितलं होतं. त्यानंतर दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं.

गुरुवारी त्याची सुट्टी. भाग्या शाळेतून लवकर आली होती आणि पडवीत दप्तर मांडीवर घेऊन जनेलाच्या गजांना पाठ लावून बसली होती. कमलाक्षीने आत हळू आवाजात सगळं सांगितलं. कार्ड, वही, वर्ग, ओ. तो ऐकताना आपल्या घासलेल्या टाचांकडे बघत राहिला.

“सांगाक होया तेका,” ती म्हणाली.

“पोर ता. शाळेत बोलला तर? माका काढतले. वर फसवल्यान म्हणान केस.”

“आणि ता माका काय समजता, ता चलात तुका?”

“दोन वर्सां कळ काढ. बारावी जावंदे. मगे सांगया.”

“दोन वर्सां मी छिनाल म्हणान तेच्या पानात वाढू?”

हा शब्द तिच्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. तो उठला, खुंटीवरचं कार्ड काढलं, परत अडकवलं.

“बोलव तेका,” तो म्हणाला.

त्याला नीट सांगता आलं नाही. आधी तापाचं सांगितलं, मग पंपाचं, मग परत तापाचं. भाऊ कसा शिट्टी मारायचा ते मध्येच आलं. सखाराम हे नाव त्याने अशा आवाजात घेतलं की जणू दुसऱ्या कुणाची चहाडी करतोय. भाग्या उभ्यानेच ऐकत होती.

“म्हणजे माझ्या नावात जो मधी भिकाजी आसा, तो काका?”

“होय.”

“मेलेलो.”

“होय.”

तिने खुंटीवरच्या कार्डाकडे पाहिलं. कमलाक्षीला वाटलं आता रडेल आणि संपेल.

“ह्या तुम्ही दोघांनी बसान रचलास नाय कशावरून?” भाग्या म्हणाली. “उत्तर बरोबर जुळता. पण जुळवलेला पण आसू शकता.”

“भाग्या,” कमलाक्षी म्हणाली.

“थांब,” तो म्हणाला. “बरोबर बोलता ता. काय करूया सांग. कसा सिद्ध जाता?”

“रक्त तपासून.”

“चल मगे.”

“खाणीच्या दवाखान्यात नको,” कमलाक्षी म्हणाली.

“तेवढा कळता माका,” तो म्हणाला.

डिचोलीतली तपासणीची जागा. बाकावर सातजण. खिडकीपलीकडच्या मुलीने नाव विचारलं. त्याच्या तोंडातून ‘भि’ आलं आणि थांबलं. मग म्हणाला, “सखाराम राऊळ.” तिने लिहून घेतलं. तिला काहीच वाटलं नाही.

तो येऊन दोघींच्या मध्ये बसला. भाग्या भिंतीवरचा तक्ता वाचत होती. एक बाई मुलाला मांडीवर घेऊन आत गेली, बाहेर आली. एक म्हातारा आत गेला, बाहेर आला.

“सखाराम राऊळ.”

कुणी उठलं नाही.

“सखाराम राऊळ आसात?”

तोही इतरांसारखा इकडेतिकडे बघू लागला, कोण हा माणूस उठत नाही म्हणून. कोपऱ्यातल्या गृहस्थाकडे त्याने चौकशीच्या नजरेने पाहिलंसुद्धा. कमलाक्षीने हात उचलला, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी भाग्याने त्याच्या दंडाला हलवलं होतं.

“बाबा. तुका बोलवतत.”

तो दचकून उठला. वीस वर्षांत त्याला त्या नावाने कुणी बोलावलं नव्हतं, आणि तीन आठवड्यांत ह्या नावाने.

चिठ्ठीवर आलं : बी.

परतीच्या बसमध्ये भाग्याने ती तीनदा वाचली. मागे खनिजाचे ट्रक रांगेने येत होते आणि कंडक्टर काचा ओढून घ्यायला सांगत होता.

“काय म्हणता ता?” बापाने विचारलं.

“बीक ओ जाव शकता. जर तुझ्या आवशी-बापाशीकडसून तुका ओ आयलो आसलो तर.”

“म्हणजे मी तुझो बापूस.”

“म्हणजे तू माझो बापूस जाव शकतंस.” ती काचेतून बाहेर बघत म्हणाली. “ह्यान सिद्ध जाणा नाय. फक्त आड येणा नाय.”

“आणि काय रवला मगे?”

“रवला ता तुम्ही सांगतास, आणि मी आयकतंय.”

थोड्या वेळाने त्याने तिचं दप्तर आपल्या मांडीवर घेतलं आणि तिने घेऊ दिलं.

चिठ्ठी घरात ठेवण्यासारखी नव्हती. पाळीत सखाराम राऊळ नावाचा माणूस राहत नव्हता. कमलाक्षीने ती चुलीत घातली. भाग्या तिथेच उभी होती. कागद काळा पडून वळला तसं ती म्हणाली, “सरांका काय सांगू? ते उद्या इचारतले. रोज इचारतत, काय कळला गो म्हणान.”

“सांग, कार्डाची चूक आसा,” बाप म्हणाला.

“मगे म्हणतले, खाणीत जाऊन दुरुस्त करून घ्या. तुका परत तपासतले. मगे सगळेच कागद काढतले.”

“मगे?”

तिने विचार केला. सरांच्या प्रश्नांचा, वर्गाचा, मुख्याध्यापिकांचा, एकेक घेऊन.

“चूक माझी. कार्ड झिजलेला. बी होतो, आधी डाग होतो, माका तो ए वाटलो. माका नीट वाचूक येवक नाय.”

“चलात?” त्याने कमलाक्षीकडे बघितलं.

“चलात,” भाग्याच म्हणाली. “उत्तर बरोबर येता. रीत खोटी.”

“एकदा म्हण बघू परत. न अडखळता.”

तिने म्हटलं. तो ‘डाग’ या शब्दाशी अडला, कसला डाग ते कुणी विचारलं तर? तेलाचा, ती म्हणाली. त्याने मान हलवली. ‘ग्रीसचो सांग. पंपार ग्रीसच आसता.’ तिने तो शब्द घालून पुन्हा म्हटलं. पाचव्या खेपेला ते अगदी खरं वाटायला लागलं आणि कमलाक्षी उठून बाहेर गेली.

प्रश्न ७. एकंदरीत, हा कार्यक्रम किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी योग्य आहे / अयोग्य आहे.

शुक्रवारी कमलाक्षी प्रश्नावली घेऊन शाळेत गेली. दहावीचा वर्ग तळमजल्यावर, जनेलं उघडी. आत गुरुदास सरांचा तास चालू होता. ती भिंतीच्या आडोशाला थांबली.

भाग्या उभी होती. तिचा आवाज स्वच्छ होता, शाळेतला, पुस्तकी.

“सर, माझी चूक झाली. बाबांच्या कार्डावर बी आहे. त्याच्या आधी ग्रीसचा डाग होता, तो मला ए वाटला.”

“अरेच्चा,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली सुटका बाहेरसुद्धा ऐकू आली. “म्हणजे एवढं रामायण एका डागावरून?”

वर्ग हसला.

“हसू नका. मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल केलं असतं? शास्त्रज्ञ असाच असतो. चुकलं तर सांगतो. हिच्यासाठी टाळ्या.”

टाळ्या वाजल्या. शंभूने सगळ्यात जोरात वाजवल्या, त्यात आता काही खोडी नव्हती. सर दारापाशी आले, कमलाक्षीला बघून खूश झाले, म्हणाले, “धीट मुलगी आहे तुमची.” त्यांनी कागद घेतला, चाळला. “बाकीचं असू दे, पण सातवाही रिकामा ठेवलात, वहिनी. योग्य की अयोग्य? तुमच्यासारख्यांनी योग्य म्हटलं तर माझंही जरा बरं होईल.”

“तुम्हीच करा खूण,” ती म्हणाली.

“असं कसं? तुमचं मत हवं.”

तिने पेन्सिल घेतली. ‘योग्य’वर खूण केली, कारण ते त्यांना हवं होतं आणि चौकशी तिथेच थांबणार होती. सरांनी आभार मानले आणि फळ्यावर जाऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं : नोंद करण्यापूर्वी निरीक्षण दोनदा तपासून पाहावे.

“उतरवून घ्या सगळ्यांनी.”

वह्या उघडल्या. भाग्याने वहीचं ते पान काढलं, रेघेखाली जागा होती. तिने आईकडे एकदा पाहिलं आणि फळ्यावरचं वाक्य उतरवून घेऊ लागली.